मधल्या कप्प्यातलं औषध

मित्रांनो, माझ्या पाठीला हात लावलात तर ती कोमट लागेल, पण पोटात मी रात्रंदिवस गारवा जपत आलो आहे. मी शिरूरच्या एका कामगार दवाखान्यातला औषधांचा फ्रीज. आता म्हातारा झालो आहे. दाराचं रबर सैल पडलंय, मोटर सुरू होताना सगळं अंग थरथरतं. घराघरातले माझे भाऊबंद दूध आणि भाजी सांभाळतात. माझ्या वाट्याला लसी आल्या, इंजेक्शनं आली, इन्सुलिन आलं. मला त्याचा फार अभिमान होता.

हा दवाखाना कोरेगाव भीमाच्या आसपासचे काही कारखाने मिळून चालवतात. कारखान्यांच्या योजनेतून कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना इथं औषध फुकट मिळतं. पण कुठलंही औषध नाही. समितीनं मान्य केलेलंच मिळतं. ही समिती वर्षातून दोनदा माझ्याच खोलीत बसायची, कारण एसी तेवढा इथंच होता. दोन-तीन डॉक्टर, कारखान्यांची माणसं आणि शहरातल्या एका कंपनीचे सुदर्शन साहेब. त्यांची कंपनी औषधं बनवणाऱ्यांशी घासाघीस करायची, कोणतं औषध योजनेला परवडेल ते सांगायची. जे ठरेल ते माझ्या पोटात यायचं आणि जे वगळलं जाईल ते पुन्हा दिसायचं नाही. कोण काय घेतं, हे त्या टेबलावर कधी कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

माझ्या मधल्या कप्प्यात सुहानाचं इन्सुलिन असायचं. तिचे अब्बा, अझरुद्दीन, एका कारखान्यात वेल्डर होते. सुहाना लहान असतानाच तिला मधुमेह जडला होता. दर महिन्याला ती शाळेच्या गणवेशातच औषध न्यायला यायची. पेनासारखी दिसणारी ती इंजेक्शनं होती. रात्री एकदा टोचलं की दुसऱ्या रात्रीपर्यंत सावकाश, एकसारखं काम करणारी. त्यांच्या जिवावर ती खो-खो खेळायची, तालुक्याच्या संघात गेली होती. उन्हातून आली की माझ्या दाराला गाल लावून उभी राहायची. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर माया शितोळे मॅडम तिला हसून बाजूला करायच्या.

मग एका बैठकीत साहेबरावांचा विषय निघाला. साहेबराव म्हणजे एका कारखान्याचे वॉचमन. त्यांची मूत्रपिंडं थकली होती, अंगात रक्त टिकत नव्हतं. त्यांच्यासारखे आणखीही बरेच जण होते. त्यांना लागणारं इंजेक्शन योजनेत नव्हतं. माया मॅडमनी त्यासाठी खूप जोर लावला. सुदर्शन साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की इन्सुलिनची पेनं बंद करून साधं, कुपीतलं इन्सुलिन घेतलं तर ते इंजेक्शन बसवता येईल. कुपीवाल्यांनी चांगली सूट देऊ केली होती.

"दोन्ही नाही का ठेवता येणार?" मॅडमनी विचारलं.

"एक आत आलं की एक बाहेर जातं, मॅडम. ज्यांना पेनच लागेल, त्यांच्यासाठी विशेष परवानगीची सोय आहे."

मॅडमनी कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला. मग त्यांनी सही केली. मित्रांनो, त्या खोलीत वाईट माणूस कुणीच नव्हता. म्हणूनच मला आजही कुणावर रागावता येत नाही.

साहेबरावांचं इंजेक्शन माझ्याकडे आलं. आधी दोन पायऱ्या चढून धापा टाकणारे साहेबराव पुढे पुढे बोलत बोलत आत येऊ लागले. मला बरं वाटायचं. पण त्याच कप्प्यात शेजारी सुहानाच्या कुप्या होत्या. हे औषध टोचल्यावर काही तासांनी एकदम जोर करायचं, आणि पोट रिकामं असेल तर रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी खाली आणायचं. म्हणून वेळेवर आणि पोटभर जेवणं भाग होतं. मॅडमनी तिला सगळं नीट समजावलं होतं.

पुढच्या खेपेला सुहाना अब्बांना घेऊन आली. या वेळी तिनं दाराला गाल लावला नाही.

"मॅडम, जुनंच द्या ना," ती म्हणाली. "ह्यानं पहाटं घाम फुटतो. हात कापत्यात."

मॅडमनी लगेच डोस कमी केला आणि विशेष परवानगीसाठी अर्ज धाडला. अझरुद्दीन म्हणाले, "तवर म्या भायेरून पेन घेऊ का? ओव्हरटाइम मारतो."

"उगाच कशाला खर्चात पडताय? परवानगी येईल आठवड्याभरात. तोवर हेच चालू द्या."

मॅडमनी हे आपुलकीनंच सांगितलं होतं. अझरुद्दीन मान डोलावून गेले.

आठवडा गेला, दुसरा गेला. सुदर्शन साहेबांच्या कंपनीनं तिच्या साखरेची जुनी नोंद मागवली, मग नवी मागवली. मॅडम फोन करत राहिल्या.

तेवढ्यात दौंडला सुहानाच्या मामाचं लग्न निघालं. तिचे नाना, म्हणजे आईचे वडील रहीम, रेल्वेत होते. रेल्वेच्या कॉलनीत मांडव घातला होता. तिथं काय घडलं ते मला पुढे अझरुद्दीन यांच्या तोंडून कळलं. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे सुहानानं ठरलेल्या वेळी इंजेक्शन घेतलं. पण पाहुण्यांची गर्दी उसळली आणि मुलींची पंगत मागे पडली. ताट आलं तेव्हा ती दमून पेंगत होती. दोन घास खाल्ले आणि मामेबहिणींच्या ओळीत जाऊन झोपली. सकाळी सगळ्या उठल्या. ती उठली नाही. तिथल्या दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत परवानगी आली. सोबत आलेल्या पेनांच्या खोक्यावर तिचं नाव छापलेलं होतं. मॅडमनी ते स्वतः माझ्या मधल्या कप्प्यात ठेवलं आणि दार उघडंच ठेवून उभ्या राहिल्या. माझा गारवा सगळा बाहेर चालला होता. एरवी मी कुरकुरलो असतो.

साहेबरावांना कुणी काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? ते बरे होत होते, एवढंच त्यांनी केलं होतं.

उरलेल्या कुप्या परत द्यायला अझरुद्दीन आले. मॅडमनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. समितीत आपण सही केली होती आणि पेन घेऊ नका असंही आपणच म्हणालो होतो, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. अझरुद्दीन खाली बघत ऐकत राहिले. मला वाटलं, आता ते ओरडतील. पण त्यांनी कुप्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

"पुढल्या मीटिंगला मला बसू द्या, मॅडम. बोलणार न्हाई. नुस्ता बसतो."

आणि ते आले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर, पाठ मला टेकवून बसले. सुदर्शन साहेब वाचू लागले. वगळायच्या पहिल्याच औषधापाशी मॅडमनी त्यांना थांबवलं आणि हे कोण कोण घेतं, ते विचारलं. साहेबांनी नकळत अझरुद्दीन यांच्याकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. त्या दिवशी बैठक फार लांबली. शेवटी ठरलं, की एखादं औषध बंद झालं, तरी ज्यांचं ते चालू आहे त्यांना विशेष परवानगीच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तेच मिळत राहील.

चांगला नियम आहे. तेव्हापासून कुणाचं औषध अर्ध्यातून तुटलेलं नाही. पण तो ऐकताना अझरुद्दीन यांच्या पाठीतून एकच हुंदका आला. तो माझ्या पत्र्याशिवाय कुणालाच ऐकू गेला नाही.

मित्रांनो, लवकरच माझ्या जागी नवा फ्रीज येईल. तुम्ही मोठे व्हाल, अशा एखाद्या टेबलाशी बसाल, आणि काय ठेवायचं, काय वगळायचं हे तुमच्या हातात असेल. तेव्हा फक्त औषधाचं नाव विचारू नका. ते घेणाऱ्या माणसाचंही विचारा. आणि सही करण्याआधी विचारा. सुहानाचं नाव आम्ही सगळ्यांनी नंतर घेतलं.