पाटीत उरलेलं

अंजूरच्या खाडीवर जाळं ओढून झालं की वाटे घालायचे ते बाळारामनंच, आणि तेही परडीनं. एक परडी स्वतःला, एक दाजींना, एक हितेशला, अशा फेऱ्या चालायच्या. पाटीतली मासळी पुऱ्या फेरीला पुरेनाशी झाली की तो परडी पालथी घालायचा. मग एकानं वाट्यांकडे पाठ करायची, दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून 'हा कुणाचा?' विचारायचं आणि पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं, म्हणजे मोठा वाटा कुणी उचलला ही कुरकूर नको. आणि पाटीत उरलेलं? त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. गुणाबाई पाटी धुवायला न्यायची आणि पाटीबरोबर ते उरलेलंही तिच्या घरी जायचं.

एके काळी वाटे चार पडत. चौथा गुणाबाईच्या नवऱ्याचा, जाळंही त्याचंच. उधाणाच्या भरतीत खाडीनं त्याला नेलं आणि पुढं कधीतरी वाटे तीनच पडू लागले. तसं कुणी ठरवलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. विचारणार कोण? गुणाबाई? छे! ती उपाशी राहिली असती, पण तिनं हात पसरला नसता. पाटी धुणं हे काम, आणि कामाचं घ्यायला लाज कसली, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. लेक दिपाली गोडाऊनला पॅकिंगच्या ड्युटीला जायची, चूल काही त्या पाटीवर अडली नव्हती. पण खाडीवर अजून आपलं काहीतरी आहे, असं गुणाबाईला त्या पाटीमुळंच वाटायचं.

घोटाळा केला तो नातीनं. रुचिकाला शाळेत नुकताच दशांशाचा भागाकार शिकवला होता, आणि पोर दिसेल ते भागत सुटली होती. रविवारी ती आजीबरोबर खाडीवर आली. नेमका त्याच दिवशी हितेशनं कुठूनसा डिजिटल काटा आणलेला. मासळी भरली साडेसात किलो. बाळारामनं दोन-दोन किलोचे वाटे घातले आणि सवयीनं थांबला. पाटीत दीड किलो कोळंबी राहिली.

"काका, थांबलात का? अजून भाग जातो की!" रुचिका म्हणाली.

"फेरी न्हाय पुरत, पोरी."

"पुरते! सातात तीन दोनदा, उरला एक. आता पॉइंट द्यायचा आणि पुढचा पाच खाली उतरवायचा. झाले पंधरा. पाच त्रिक पंधरा. प्रत्येकाला अडीच, बाकी शून्य!" तिनं वाळूत काडीनं मांडूनही दाखवलं.

"च्यायला, हुशार हाय ही!" हितेश खूश झाला. त्यानं अर्धा-अर्धा किलो तोलून तिन्ही वाट्यांवर टाकला. बाळारामनं एकदा गुणाबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"शाबास गं माझी बाय," गुणाबाई म्हणाली. तिनं रिकामी पाटी उचलली, नेहमीसारखी खळखळून धुतली आणि पालथी घालून ठेवली. घरी जाताना हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

संध्याकाळी पोरगी ताटावर बसली. "आजी, आज कालवण न्हाय?"

"रोज रोज कसलं गं कालवण? डाळ खा गुमान."

रुचिकानं घास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "ती पाटीतली बाकी आपली होती?"

"आपलं काय असतंय तिथं!" गुणाबाई बोलून गेली. पोरीला थोपटायचं सोडून ती चुलीशी तोंड करून बसली. मागं रुचिका मुसमुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी अंथरुणात नव्हती. गुणाबाई धापा टाकत खाडीवर पोचली तर ही कार्टी हनुवटी वर करून तिघांपुढं उभी.

"काल माझं गणित चुकलं, काका."

"अडीच बरोबर होतं की गं," हितेश म्हणाला.

"भागाकार बरोबर होता, भाजक चुकला. मी तीननं भागलं. जाळ्याची माणसं चार. आजोबा धरून."

"ए भवाने!" गुणाबाई कडाडली. "वाटा मागायला पाठवलं होतं का मी तुला? चल घरी! अब्रू घालवलीस माझी."

"वैनी, तिला नका बोलू," बाळाराम म्हणाला. "फेरी पुरत असली तरी मी कितींदा मुद्दाम थांबलो. वाटायचं, पाटीत तेवढं ठेवलं म्हणजे झालं. पण वाटा तुमचा हाय, हे तोंडानं बोलायची हिंमत न्हाय झाली माझी."

दाजी वयानं सगळ्यांत मोठे. पायानंच वाळू सारखी करून त्यांनी चौथ्या वाट्याला जागा केली.

मासळी नऊ किलो होती. रुचिका पुन्हा काडी घेऊन बसली. नवात चार दोनदा, उरला एक. पॉइंट, शून्य उतरवलं, दहात चार दोनदा, उरले दोन. आणखी एक शून्य, वीस, चार पाचे वीस. सव्वादोन किलो. हितेशनं निमूटपणे चार वाटे तोलले आणि उचलायला वाकला.

"थांब," बाळाराम म्हणाला. "आधी नावं."

"अरे, काट्यानं तोललंय. आता पाठ कशाला करायची?"

"रीत हाय ती. वैनी, आज तुम्ही पाठ करा."

गुणाबाईनं खाडीकडे तोंड केलं. रिकामी पाटी तिनं पोटाशी धरली होती. बाळारामनं पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

"हितेशचा."

"हा?"

"दाजींचा."

"हा?"

"तुझा, बाळाराम."

"आणि हा?"

लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिनं आजवर घेतलं नव्हतं. तो गेल्यावरही तिच्या बोलण्यात तो 'हे'च राहिला होता. रुचिका सांगायला पुढं झाली, तशी बाळारामनं तिला हातानं अडवलं. समोर भरतीचं पाणी चढत होतं.

"हा कुणाचा, वैनी?"

"देवरामचा," गुणाबाई म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. मग ती वळली, खाली बसली आणि आपल्या हातानं तो वाटा पाटीत भरू लागली.