डावा पाय

"हलू नकोस गं बाई. माझी कंबर मोडली तर तिच्यात पिन घालायला कुणी येणार नाही," मावशी शेळीच्या कानाशी पुटपुटल्या. टेबलावरच्या जनावराचं डोकं पोटाशी घट्ट धरायचं, हे या दवाखान्यातलं त्यांचं आयुष्यभराचं काम. शिंगांचे वळ दंडावर, केस पदरावर, आणि घरी गेलं की नातवंडं नाक धरून पळणार.

डॉक्टरांनी शेळीचा मागचा उजवा पाय वाकवून पाहिला. जिन्यावरून पडून नळीचं हाड मोडलं होतं. त्यांनी आत स्टीलची पिन घालून ते सांधलं होतं आणि हाड जुळल्यावर पिन काढली होती. एक्स-रेत आता भेगही दिसत नव्हती.

"मोडला उजवा आणि ओढते डावा," डॉक्टर म्हणाले. "मला तर काही कळेना."

"ती म्हणते, संध्याकाळी जास्तच ओढते," चपलांच्या दुकानाचे काका बाकावरून म्हणाले.

ती म्हणजे त्यांची बायको. कंपाउंडर खिडकीबाहेर पाहू लागला. काकू शेळीला उचलून घेऊन त्याच जिन्यावरून पडल्या होत्या. त्यांना स्मशानात पोचवायला अख्खी गल्ली गेली होती. डॉक्टर गेले होते, मावशीही.

"भूल देऊन डावा खुबा उघडून बघू शकतो," डॉक्टर हात धूत म्हणाले. "पण शेळीला भूल म्हणजे भरवसा नाही. पोट फुगलं, श्वास अडकला, तर ती उठायची नाही."

"घरी विचारून सांगतो."

"हो हो, विचारा ना," डॉक्टर जरा घाईनंच म्हणाले.

मावशींनी शेळीला खाली उतरवलं. ती फरशीवरून निघाली. टक, टक, सर्र. टक, टक, सर्र.

काकूंचा डावा पाय जन्मापासून आखूड. काका त्यांच्यासाठी जाड तळव्याची चप्पल शिवायचे, तरी काकू गल्लीत शिरल्या की त्या घासत्या पावलावरून न पाहता कळायचं.

शेळी खोलीला वळसा घालून बाकाकडे आली. काका तिच्याकडे न बघताच बाजूला सरकले. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. त्या जागेसमोर शेळी थांबली आणि बसण्याआधी थकलेलं माणूस सोडतं तसा तिनं एक लांब श्वास सोडला.

नळ ठिबकत होता, तो कुणी बंद केला नाही.

काकांनी वाकून तिचा डावा पाय हातात घेतला. चपलेचं माप घ्यावं तसा खुरापासून वरपर्यंत अंगठा फिरवला.

"हिला कापू नका, डॉक्टर. काही झालेलं नाही हिच्या पायाला."

"मग घरी काय सांगाल?" मावशींच्या तोंडून निघून गेलं.

काकांनी दोरी मनगटाला गुंडाळली.

"घरी कुणी नाही, मावशी. ती गेली."