बॉयलर आमच्याकडे, इस्त्री त्यांच्याकडे

वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस म्हणून मिळालेलं पुस्तक उशीएवढं जाड होतं. पूर्वेकडच्या जुन्या राज्यांतल्या सेनापतींनी आणि मंत्र्यांनी लिहिलेले युद्धशास्त्राचे ग्रंथ, सगळे एकाच बांधणीत. मुलीला असलं बक्षीस कोण देतं, असं आई म्हणाली. मला मात्र ते हातात फार शोभून दिसत होतं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा पुटपुटायचे, आणि आता बाई म्हणत होत्या की तुझा आवाज शेवटच्या बाकामागच्या भिंतीला जाऊन लागतो.

आमची लाँड्री आहे. आजोबा गेल्यावर बाबा आणि काका यांच्यात वाटणी झाली. धुलाईची यंत्रं आणि बॉयलर आमच्याकडे, इस्त्रीची टेबलं आणि रस्त्याकडचा काउंटर काकाकडे. मधोमध प्लायवूडचं पार्टिशन पडलं. त्यातून एकच पाइप पलीकडे जातो, आमच्या बॉयलरची वाफ त्याच्या टेबलांना. भांडण काउंटरचं होतं. गिऱ्हाईक आधी तिथं येतं, म्हणून सगळं गाव काकाला मालक समजतं आणि आपल्याला धोबी, असं बाबांचं म्हणणं. काउंटर परत घ्यायचाच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

संध्याकाळी यंत्रं बंद झाली की बाबा उलट्या टोपलीवर बसायचे आणि मी वाचायचे. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. एरवी माझं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी यंत्राची घरघर, पण आता ते हनुवटीवर हात ठेवून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "थांब. परत वाच ते." मी परत वाचायचे, हातवारे करून. आम्ही लाँड्रीतली माणसं हळू बोलतच नाही. दिवसभर यंत्रांवर ओरडायचं, मग यंत्रं थांबली तरी घसा थांबत नाही. आईनं भाजीत मीठ कमी पडलं म्हटलं की शेजारीही आपल्या भाजीत घालून घेतात.

पहिला डाव वसतिगृहाचा होता. शत्रू निघायच्या आधी आपण पोचावं, असं पुस्तकात होतं. नव्या वसतिगृहाच्या चादरींचं काम काकाच्या आधी जाऊन मिळवायचं ठरलं. आम्ही गेलो तेव्हा काका काम पक्कं करून फाटकातून बाहेर येत होता. मला बघून हसला. "काय भोंगा, उशीर केलास?" माझं हे नाव त्यानंच ठेवलेलं.

दुसरा डावही तसाच फसला. मग हेरांचं प्रकरण आलं.

"आपल्यात कुणीतरी फितूर आहे," बाबा म्हणाले. "दोन्हीकडे पाय कुणाचा असतो?"

पाय गाठोडीवाल्या मामांचा असायचा. आमच्या धुतलेल्या चादरींची गाठोडी ते आजोबांच्या वेळेपासून इस्त्रीकडे नेत. बाबांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. मामांनी खांद्यावरचं फडकं घडी करून आमच्या फळीवर ठेवलं.

"मालक, मी ओझी वाहतो," ते म्हणाले. "घरातल्या गोष्टी वाहिल्या असत्या तर पाठ कधीच मोडली असती."

त्यानंतरचं प्रकरण होतं शत्रूची रसद तोडण्याचं. शत्रूच्या सैनिकाला मारू नये, त्याची चूल विझवावी. मी ते असं काही वाचलं की बाबा टोपलीवरून उठलेच.

"त्याची चूल म्हणजे आपली वाफ," ते म्हणाले. "सोमवारी पाइपची चावी बंद. आठवडाभर आपण चादरी चुरगळलेल्याच देऊ, पण तो काउंटरच्या किल्ल्या घेऊन दारात येईल."

आई म्हणाली, "एका नाकानं दोघं श्वास घेताय, आणि नाक कापायला निघालात." तिचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

रविवारी दिवसभर पलीकडे काहीतरी जड फरफटत होतं. काकानं भंगारातून छोटा बॉयलर आणला होता. सोमवारी सकाळी बाबांचा हात चावीपर्यंत पोचायच्या आतच पलीकडे दणका झाला. पार्टिशनच्या वरून पांढरी वाफ आमच्याकडे उतरली, आणि त्या वाफेतून काकाचं ओरडणं. आई आणि मी धावलो. बाबा चावीपाशीच उभे राहिले.

काकाचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले. डोळ्यांचं आत्ताच काही सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. बरेच दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. काकूनं इस्त्रीची टेबलं सरकवून खाट तिथंच मांडली. राहतं घर वरच्या मजल्यावर, जिना चढवणार कसा?

बाबा बघायला गेले नाहीत. काका घरी आला त्या संध्याकाळी टोपलीवर बसले आणि म्हणाले, "वाच."

"बाबा, आज नको."

"वाच म्हटलं ना."

मी पुस्तक उघडलं. पलीकडे आजारी माणूस, म्हणून ते पुस्तक पहिल्यांदाच हळू वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील.

"मोठ्यानं वाच गं," पार्टिशनपलीकडून काकू म्हणाली. "ऐकू येत नाहीये."

बाबांची हनुवटी हातावरून सुटली.

"काकू, तुला ऐकू येतं?"

"रोजच येतं. दुकान बंद करून आम्ही दोघं भिंतीशी बसायचो. ह्यांना आवडायचं. म्हणायचे, पोरगी काय वाचते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचायला दुसरीकडे गेला असतात."

बाबा मामांनी ठेवलेल्या फडक्याकडे बघत होते. ते अजून तिथंच होतं, घडी केलेलं.

"भोंगा," काकाचा आवाज आला. ओठ भाजलेले, म्हणून शब्द नीट फुटत नव्हते. "पुढचा डाव कुठला, ते तरी कळू दे. या वेळी तयारी काही करत नाही मी."

बाबा उठले. मला वाटलं, आता तरी जातील. पण पलीकडे जायला काउंटरच्या दारातून जावं लागतं, आणि त्या दारात त्यांनी वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं. ते बॉयलरकडे गेले. त्याच्या पोटात दिवसभराची वाफ अजून शिल्लक होती. त्यांनी पलीकडची चावी धरली आणि पूर्ण उघडली. पाइप ठकठकला, मग वाफ टेबलांकडे धावली, जिथं इस्त्री करायला कुणी नव्हतं.

पलीकडे खाट जोरात करकरली.

"भाऊजी, बंद करा," काकू म्हणाली. "बंद करा लवकर. तो आवाज आला की हे थरथरतात."

बाबांनी चावी फिरवली. शेवटच्या आट्याला हात घसरत होता, तरी घट्ट आवळली.