शहाण्णव टक्के जोर

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि आयुष्यात मी कधीही खोटं बोललेलो नाही. हे मी राहात्याजवळच्या एका वस्तीवर, माझे मालक गोरक्षभाऊ यांच्या उशाशी पडून सांगतो आहे. भाऊ उताणे पडले आहेत. महिना झाला, त्यांना कुशीवर वळता येत नाही. कारण मी आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. तिथे माझ्या पोटात दोन वस्तू शेजारी शेजारी बसवल्या. एक, फोन आला की थरथरणारी इवलीशी मोटर. दुसरा, कसलीही हालचाल टिपून ठेवणारा सेन्सर. या दोघांची ओळख कुणी करून दिली नाही.

पहिली तीन वर्षं मी भाऊंची लेक पूजा हिच्याकडे काढली. तेव्हा मला मऊ कव्हर होतं. पूजा लग्न होऊन देवळाली प्रवरेला गेली, तिला नवा मोबाईल मिळाला आणि मी भाऊंच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी राहायला आलो. भावकी, गावकी, पेरूवाले, दहावीची बॅच असे भाऊंचे सतरा ग्रुप होते. रोज सकाळी सहा वाजता त्या सतराही ठिकाणी सूर्य उगवायचा, गुलाब फुलायचे आणि शुभ सकाळ व्हायची. एकेक गुलाब म्हणजे माझी एकेक थरथर.

गेल्या गणपतीत खताची गोणी उचलताना भाऊंची कंबर धरली. राहात्याला दवाखाना आहे, तिथे फरहीन मॅडम व्यायाम शिकवतात. केडगावची मुलगी, नुकतीच शिकून आलेली आणि मनापासून काम करणारी. पोटाचे आणि कंबरेचे आतले स्नायू बळकट झाल्याशिवाय वजन उचलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मग माझ्यात एक ॲप टाकलं आणि एका पट्ट्याने मला भाऊंच्या कमरेवर मागच्या बाजूला बांधलं.

"स्नायूंवर ताण आला की अंग बारीक थरथरतं, काका. हा ती थरथर मोजतो आणि शंभरपैकी आकडा देतो. आकडा मोठा म्हणजे जोर जास्त."

"म्हंजी ह्यो मला मार्क देनार?"

"हो. रोज सकाळी घरी करा. फोनचा आवाज तेवढा बंद ठेवा, लक्ष जातं."

दवाखान्यातला पहिला आकडा एकवीस आला. तो खरा होता. त्यानंतरचा एकही नाही.

भाऊ आज्ञाधारक माणूस. त्यांनी आवाज बंद केला. थरथर बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, ती चालू राहिली. सकाळी सहाला भाऊ चटईवर पालथे व्हायचे आणि कोपरांवर अंग तोलायचे. अर्ध्या मिनिटात गुडघे टेकायचे, पाठोपाठ पोट टेकायचं. नेमके तेव्हाच गुलाब यायला लागायचे. पहिल्या आठवड्यात आकडा सत्तरवर गेला. दसऱ्याला सोनं वाटणाऱ्यांची झुंबड उडाली, तेव्हा नव्वद झाला.

मॅडमनी माझ्या आकड्यांचा आलेख छापून भिंतीवर लावला. नव्या पेशंटांना त्या तो दाखवायच्या. भाऊ सलूनमध्ये बसून विचारायचे, "माझा जोर नव्वद हाय. तुझा किती रं?" समोरच्याला आपला जोर माहीत नसायचा.

एका सकाळी भाऊंना चटईवरच झोप लागली. ते घोरत होते आणि मी त्यांच्या कमरेवर थरथरत होतो. त्या दिवशी आकडा आला ब्याऐंशी. मित्रांनो, तेव्हा मला कळलं. पण भिंतीवर आलेख लागलेला होता. कौतुकाची चटक वाईट असते. मी गप्प राहिलो.

शंका एकाच माणसाला होती, भाऊंच्या पत्नी मालनबाईंना.

"मला तर हे निस्ते पडल्यालेच दिसत्यात."

"तुला मशीनपक्षा जास्ती कळतंय का?"

"मशीनचं मला ठावं न्हाई. चप्पल घालताना अजून भिंत धरता, तेवढं दिसतंय."

दिवाळीला आकडा शहाण्णव झाला. लगोलग पेरूचा हंगाम लागला. मालनबाई एकट्या क्रेट उचलत होत्या. एक क्रेट वीस किलोचं. त्या भाऊंना घेऊन दवाखान्यात गेल्या.

"मॅडम, खरंच बरं झालंय का यांना? माझ्याच्यानं आता व्हईना."

बाहेरचं बाक भरलेलं होतं. मॅडमनी भाऊंच्या कमरेला हात लावला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शहाण्णव आहे, काकू. उचलू द्या."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रेटला भाऊ खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांना बाजेवर घालून घरी आणलं.

मॅडम स्वतः वस्तीवर आल्या. आकडा शहाण्णव असताना असं कसं झालं, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी भाऊंना हलकेच पालथं केलं, मला कमरेवर बांधलं आणि शेजारी आपला तळहात टेकला. "काही करू नका, काका. नुसते पडून राहा." तेवढ्यात दहावीच्या बॅचमध्ये कुणाचा तरी वाढदिवस निघाला. मी थरथरलो. आकडा एकसष्ट झाला.

मॅडमनी हात उचलला नाही.

"काका, सकाळी किती मेसेज येतात तुम्हाला?"

"लई येत्यात. शंभर तरी. का वं?"

मॅडमचे कान लाल झाले. मला लाल होण्याची सोय नाही, नाहीतर मीही झालो असतो.

"ह्ये गुलाबाचे मार्क हुते व्हय," मालनबाई म्हणाल्या आणि बागेत निघून गेल्या.

मॅडमनी भिंतीवरचा आलेख काढला. आता त्या मला फ्लाइट मोडवर टाकतात, आणि तरीही आधी कमरेला हात लावून बघतात. मित्रांनो, मला जपा असं सांगायला मला तोंड उरलेलं नाही. एवढंच सांगतो, कुणाच्या दुखण्याचा आकडा मी तुमच्यापुढे धरला, तर आधी त्या माणसाकडे बघा. त्याला चप्पल घालायला सांगा. घरात कुणी काही म्हणत असेल, तर ते ऐकून घ्या.

या हंगामात मालनबाईंनी एकटीने तीनशे चाळीस क्रेट उचलले. त्यांचा जोर कुणी मोजलेला नाही.