कंपनी विकली गेली त्यानंतरचा एक रविवार

नवापूरच्या बसस्टँडमागे, खतांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. भाग्येशने तिथे ‘साद’ सुरू केली. कुणाला रक्त लागलं की एका नंबरला फोन करून मावचीत, आमच्या बोलीत, बोलायचं. यंत्र ते समजून घ्यायचं आणि त्या रक्तगटाच्या, जवळपासच्या माणसांना मावचीतच फोन लावायचं. आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण खूप. तांबड्या पेशी वाकतात, फुटतात आणि हिमोग्लोबिन बघता बघता खाली येतं. माझी धाकटी बहीण रिबेका त्यांच्यातलीच. मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं होतं; यंत्राला मावची शिकवायचं काम माझ्याकडे होतं.

फेब्रुवारीत एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीने साद विकत घेतली. भाग्येशच्या आईने शहाद्याहून पेढे पाठवले. आमच्या पाड्यावर जो तो विचारायचा, आता साद सगळ्या देशात जाणार का? मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाग्येश मला खाली टपरीवर घेऊन गेला.

“त्यांना साद नकोय, हन्ना. त्यांना मी, धीरज आणि अजित हवे आहोत. अशा लहान भाषा यंत्राला कशा शिकवायच्या, ते आम्हाला येतं म्हणून.”

“मावची कुणी शिकवली?”

“तुझं नाव सुचवलं होतं मी. ते म्हणाले, इंजिनीअरच हवेत.”

“बरं. मग नंबर चालू ठेव. मी बघते सगळं.”

“नंबर, कोड, सगळं विक्रीत गेलं. लोकांची माहिती पुसून टाकायची अट आहे.” ओशाळला की तो अहिराणीवर यायचा. “मन्हा हातमा काहीच नही शे आते.”

“सही कुणाच्या हाताने केलीस?”

तो उठून गेला. महिनाभरात नंबर बंद झाला.

मग रिबेकाला ताप आला. हिमोग्लोबिन पाचच्या खाली गेलं. तिला ओ निगेटिव्ह लागतं आणि ब्लड बँकेत त्या दिवशी ती पिशवी नव्हती. डॉक्टर म्हणाले, माणूस शोधा, आजच.

रविवार होता. पूर्वी आमच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की रक्त कुणाला हवंय ते सांगायचे आणि माणसं उभी राहायची. साद आल्यापासून ते बंद पडलं होतं. त्या दिवशी प्रार्थनेनंतर मी पुढे जाऊन सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. कुणी उठेना.

“ओ निगेटिव्ह कोण आहे?”

फत्तेसिंगकाका म्हणाले, “मी तीन वेळा दिलंय, पोरी. पण माझं कुठलं, ते फोनला माहीत. तो बोलवायचा, आम्ही जायचो.”

“कार्ड दिलं असेल ना?”

“कार्ड कोण सांभाळतं? फोन होता की.” मागून कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. “यंत्राला बोलायला शिकवलंस, आणि आमचं रक्त तुला ठाऊक नाही?”

खरंच नव्हतं. देणाऱ्याचं नाव आम्हालाही दिसू नये, अशीच साद बांधली होती. तेव्हा त्याचा मला अभिमान होता.

“चला, सगळेच चला,” काका म्हणाले. जीप भरून माणसं हॉस्पिटलात आली. कितीतरी जण मजुरीला बारडोलीकडे गेलेले. होते तेवढे आले.

तपासणी सोपी असते. काचेवर रक्ताचा थेंब, त्यात अँटी-डी द्रावणाचा थेंब, काडीने ढवळायचं. गुठळ्या झाल्या तर पॉझिटिव्ह. तसाच राहिला तर निगेटिव्ह. आमच्याकडे निगेटिव्ह फार थोडे, हे मला माहीत होतं. तरी टेक्निशियनच्या शेजारी उभं राहून मी प्रत्येक काच बघत होते. काकांच्या काचेवर गुठळ्या झाल्या. त्यांच्या मुलाच्याही. जसोदाबाईंनी बोट पुढे करताना विचारलं, “माझं चालेल का गं?”

गुठळ्या झाल्या.

आतून आई येऊन दारात उभी राहिली. रिबेकाला आता धाप लागतेय, म्हणाली. बाहेरचा बाक रिकामा झाला होता. टेक्निशियनने हातमोजे काढले आणि माझ्याकडे बघितलं.

मी माझं बोट पुढे केलं. माझा गट बी पॉझिटिव्ह आहे, हे मला कॉलेजपासून माहीत होतं.