बोटी पाण्यात असताना

पालघरच्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. रुचिताने आपल्या किनाऱ्यावरच्या गाण्यांवर प्रबंध लिहिला होता, म्हणून तिने एडवणच्या नलूमावशीला मानाने पहिल्या रांगेत बसवलं होतं. रुचिताने मंचावरून ध्वनिफीत लावली, आणि कर्ण्यातून मावशीचाच आवाज घुमू लागला. दर्यात गेलेला माणूस परतला नाही, की रडत म्हणायचं ते गाणं होतं.

मावशी धडपडत मंचाजवळ गेली. "रुचे, बंद कर! माजा पोर निमेश दर्यात हाय!"

"अगं मावशी, तूच तर गायलीस ना माझ्यासाठी?"

"तवा पावसाला होता, सगल्या बोटी वर ओढलेल्या. एक बोट जरी पान्यात असली, तरी हा गाना आमी तोंडातून काडत नाय. शिकलीस ती कशाला, एवडा इचारला नाय मला?"

रुचिताने आवाज बंद केला. गाणं संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने दोन्ही कान गच्च झाकले.

प्रबंधावर बोलायचं सोडून रुचिता खाली आली नि निमेशला फोन लावू लागली. फोन लागेना.

"जाळं ओढत असेल गं," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा लावला.