गोजराबाईची काळी कात्री

मित्रांनो, मी नाशिकच्या एका गुलाबाच्या मळ्यातली जुनी कात्री आहे. माझा खिळा ढिला झालाय, पाती थकलीत. तेव्हा मध्ये बोलू नका, एकदाच सांगेन.

हबीब कारागिराने मोटारीच्या मोडक्या कमानपट्टीतून मला घडवलं. मी काळी, बोजड. शेजारी चकचकीत बहिणी मांडलेल्या. माळीण गोजराबाई आली ती कनवटीला गुलाबाची काडी खोचूनच.

"मावशी, वाजवून तर बघा," हबीब म्हणाला.

"रिकामी कात्री वाजवू? घरात भांडण लावतोस व्हय रे?"

तिने एकेकीला काडी कापायला लावली आणि कापलेलं तोंड बोटाने चाचपलं. बहिणींनी साल चेचली. मी नाही चेचली. तिने मलाच पदरात गुंडाळून नेलं.

मग दर दसऱ्यानंतर छाटणी. काम संपलं की गोजराबाई मला पुसायची, तेलाचं बोट फिरवायची. होता तेव्हा मान!

पुढे तिची नजर गेली आणि मळा सून रंगूबाईच्या हाती आला. बाईसाहेबांना माझा रंग खपेना. बाजारात खणखण वाजवून तिने नवी कात्री आणली. मी गोठ्याच्या वळचणीला, गंज खात.

छाटणी झाली आणि फांद्या टोकाकडून काळ्या पडत खाली उतरू लागल्या. गोजराबाईने एक फांदी चाचपली.

"रंगू, ही कापली नाय, चावलीय! अशाने झाडं जातील सगळी. माझी जुनी कुठंय?"

"आत्याबाई, हिचा आवाज लय चांगला होता."

"मग आवाजानेच छाट!"

लागलं भांडण. पण झाडं वाळताना पाहून रंगूबाईच मला शोधून हबीबकडे घेऊन गेली. त्याने धार लावली. तिने मला वाजवलं नाही. कनवटीची काडी काढली, कापली आणि डोळे मिटून बोटाने चाचपली.

घरी येऊन तिने काळ्या भागाखाली, हिरव्या सालीपर्यंत, फांद्या पुन्हा छाटल्या. माझा जीव मेटाकुटीला आला. मग वाट पाहणं.

एका सकाळी ती ओरडली, "आत्याबाई, डोळा फुटला!"

गोजराबाईने तो तांबडा कोंब बोटाने पाहिला. "माझे गेले. झाडाचा फुटू दे," ती म्हणाली. "आता आधी कात्री पूस."

मित्रांनो, मला मखर नको. काम झालं की कोरडं पुसा, तेलाचं एक बोट लावा. आणि रिकामी वाजवू नका, थकलेय मी.